रेडकू सापडेपर्यंत

मी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी नाटक करते, असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग विचारतो, "म्हणजे बालनाट्य का? राक्षस, परी वगैरे?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "मग मुलांना त्यातून संदेश काय देता?" हा संदेश शब्द कानावर पडला की माझं डोकं सणकतं. साडेतीन वर्षांचं पोर, अजून स्वतःचं नाक पुसायला शिकतंय, आणि याला त्याच्या हातात संदेश ठेवायचाय. हे लोक स्वतः नाटकाला जातात तेव्हा मध्यंतरात वडे खातात आणि घरी येऊन झोपतात. तेव्हा यांना कुणी संदेश विचारत नाही.

माझं नाव भाग्यश्री. घर शिरूरला. नाटकाचं शिक्षण पुण्यात घेतलं, तिथं मोठ्यांच्या नाटकांत भाला धरून मागे उभी राहिले, कंटाळले आणि परत आले. माझ्याबरोबर काम करतो तो दत्ता. तो न्हावऱ्याचा. रांजणगावला एका कंपनीत कंत्राटावर आहे, शिफ्टमध्ये राबतो आणि उरलेल्या वेळात रेडकू होतो. हे मी थट्टेनं सांगत नाही. आमच्या तालमी त्याच्या घरामागच्या गोठ्यात चालायच्या, आणि दत्ता घोंगडीखाली शिरून चालायला लागला की दावणीची म्हैस रवंथ थांबवून त्याच्याकडे बघायची.

आमचं नाटक अगदी एवढंसं आहे. म्हशीचं रेडकू हरवतं. म्हैस मी. डोक्याला गोणपाट पिळून केलेली शिंगं, कमरेला काथ्याची शेपटी. रेडकू म्हणजे काळ्या घोंगडीखाली दत्ता. म्हैस रेडकाला शोधत फिरते आणि ते नेमकं तिच्या पाठीमागे असतं. ती वळली की तेही वळतं. मुलं गोल करून बसलेली असतात, त्यांना सगळं दिसत असतं. म्हैस दमून थांबते आणि मुलांकडे बघते. आता मुलांनी सांगायचं. कुणी सांगितलं की म्हैस वळते, रेडकू निसटतं, मुलं ओरडतात, पुन्हा तेच. शेवटी मुलांनाच वाटतं की आता पुरे झालं, आणि ती उठून म्हशीला धरून रेडकापर्यंत नेतात. म्हैस त्याला चाटते, म्हणजे मी ओढणीनं दत्ताची पाठ पुसते, आणि नाटक संपतं.

यात नियम एकच. मुलांना बोला म्हणायचं नाही. "सांगा बरं बाळांनो, कुठं आहे रेडकू?" हे वाक्य आमच्या नाटकात नाही आणि कधी येणार नाही. त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कळलेलं असतं की या एवढ्या मोठ्या म्हशीपेक्षा आपल्याला जास्त माहीत आहे. ते त्यानं आपल्या जिवावर बोलायचं. आपण बोलायला लावलं की झाली कविता म्हणून दाखवणं. मुलं गप्प राहिली तर म्हशीनं उभं राहायचं. रेडकू सापडेपर्यंत नाटक संपत नाही, आणि तोवर दत्ता घोंगडीतून बाहेर येत नाही, मग काही होवो.

सुरुवातीला आम्ही एक घोळ केला होता. सामान निळ्या प्लास्टिकच्या पेटीतून न्यायचो. एका अंगणवाडीत मी पेटीचं झाकण उघडलं आणि सगळी मुलं एकदम रडायला लागली. एक जण दंड धरून दाराकडे पळाला. मला काही कळेना. मग सेविकेनं सांगितलं की अशी पेटी घेऊन लसीकरणाच्या नर्सबाई येतात आणि पेटीत सुई असते. त्या दिवसापासून सामान गोणीत गेलं. गेल्या गेल्या आम्ही दोघंही मुलांना आमचे हात दाखवतो, दोन्ही बाजूंनी, रिकामे. मग ती मोकळी होतात. सुई नाटकातून बाहेर काढायला आम्हाला बरेच दिवस लागले, म्हणून हे सांगते आहे.

त्यानंतरचा प्रयोग न्हावऱ्याच्या अलीकडच्या एका गावात झाला. गावाचं नाव सांगत नाही, ती पोरं अजून तिथंच राहतात. तिथल्या सेविका सारजाबाई, पन्नाशीच्या, अंगणवाडीतच केस पिकलेल्या. त्या दिवशी मुलांनी असा गोंधळ घातला की दत्ताला घोंगडीखाली हसू आवरेना. समृद्धी नावाची चार वर्षांची मुलगी, एक रिबन सुटलेली, तरातरा उठली आणि तिनं माझी शेपटी धरली.

"आगं म्हशे, तुला दिसत न्हाई व्हय? मागं हाय की त्ये," ती म्हणाली. घरी म्हशीला ज्या सुरात ओरडतात त्याच सुरात. आणि मला फरफटत घेऊन गेली.

सारजाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "ही पोरगी एवढं बोलती, मला म्हाईतच न्हवतं," त्या म्हणाल्या. मला तेव्हा त्या बाई फार आवडल्या.

त्या प्रयोगाचं मोबाइलवर केलेलं चित्रण रांजणगावच्या एका कंपनीत पोहोचलं. दत्ताची नव्हे, दुसरी, मोठी. तिथं समाजसेवेचा एक विभाग आहे आणि त्या विभागात तेजश्री मॅडम आहेत, तिशीच्या, पुण्याहून गाडीनं येतात. त्यांनी ते बघून "सो क्यूट" म्हटलं आणि शिरूर तालुक्यातल्या चाळीस अंगणवाड्यांमध्ये प्रयोग करायचं कबूल केलं. फक्त आधी एक उद्घाटनाचा प्रयोग, पाहुण्यांसमोर. तो झाला की बाकीचे पक्के.

मला ते चाळीस प्रयोग हवे होते. फार हवे होते, यात लपवण्यासारखं काही नाही. शाळेत जाऊन गप्प बसायला शिकण्याआधी तालुक्यातल्या चाळीस ठिकाणच्या पोरांना एकदा तरी मोठ्याला तोंडावर म्हणता आलं पाहिजे, तुला दिसत नाही का म्हणून. आमचं सगळं काम त्यासाठी होतं. तेजश्री मॅडमनी विचारलं, उद्घाटन कुठे करूया, तर मी क्षणाचाही विचार न करता समृद्धीच्या गावाचं नाव सांगितलं. तिथली मुलं सगळ्यांत जास्त बोलतात, असंही वर सांगितलं. मॅडमनी ते जसंच्या तसं सारजाबाईंना कळवलं.

उद्घाटनाच्या दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा अंगणवाडीसमोर मांडव होता. मांडवाच्या तोंडाशी फ्लेक्स. त्यावर दूध संस्थेचे चेअरमन आनंदराव हात जोडून उभे, त्यांना सगळं गाव आप्पा म्हणतं. त्यांच्याभोवती टिकल्यांएवढे दहाबारा चेहरे, कंपनीचं चिन्ह, आणि खाली कोपऱ्यात 'रेडकू हरवलं' असं लिहून शेजारी एक वासरू. पांढरं-तांबडं, विलायती गाईचं. म्हशीच्या गावात, दूध संस्थेच्या चेअरमनच्या फ्लेक्सवर रेडकाचा फोटो मिळाला नाही. दत्ता म्हणाला, "ताई, जाऊ द्या." मी जाऊ दिलं, तेव्हा दिवस अजून सुरू व्हायचा होता.

आत पन्नासेक मुलं बसली होती. मी गोल बसवा म्हणून सांगून ठेवलं होतं. ती रांगेत होती. सरळ, ओळीनं, नव्या गणवेशात, एक हात छातीशी घडी घातलेला आणि दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर. एकाही पोराचं डोकं हलत नव्हतं. एका बाजूला पाहुण्यांसाठी सोफे मांडले होते, त्यावर पांढरे टर्किश टॉवेल.

"सारजाबाई, गोल का नाही बसवलं?"

"गोल बसावली तर निम्म्यांची पाठ पाव्हण्याकडं व्हती, मॅडम. ते बरं दिसत न्हाई."

"कधीपासून बसलीत ही?"

"सकाळधरनं. लई शानी बसल्यात," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक होतं आणि कौतुकाच्या खाली भीती होती, ती मला नंतर कळली.

एका मुलाखालची सतरंजी ओली झाली होती. ते रडत नव्हतं. ते बोट ओठांवर ठेवून ओल्यात बसलं होतं. मी त्याला उचललं, मागे नेलं, मदतनीस बाईंकडून दुसरी चड्डी घेऊन बदलली आणि परत आणलं. मी खाली ठेवल्याबरोबर त्यानं हाताची घडी घातली. मी मुलांना दोन्ही हात दाखवले, नेहमीसारखे, रिकामे. मुलं माझ्या हातांकडे न बघता सोफ्यांकडे बघत होती. सोफे अजून रिकामेच होते.

आनंदराव आले तेव्हा ऊन मांडवाच्या कापडातून खाली उतरलं होतं. मग दीपप्रज्वलन, मग वारा दिव्याला टिकू देईना म्हणून पुन्हा दीपप्रज्वलन, मग हार, मग ज्यांना हार मिळाले नाहीत त्यांचे रुसवे निघेपर्यंत गुलाबाची फुलं. तेजश्री मॅडमनी आप्पांना द्यायला माझ्या हातात एक फूल ठेवलं आणि माझी ओळख करून दिली.

"आडनाव काय म्हणालात?" आनंदरावांनी विचारलं.

"ओव्हाळ."

"आस्सं," ते म्हणाले आणि माझ्या हातातलं फूल न घेता ते टेबलावर ठेवायची खूण केली. मी ठेवलं. स्वतःला चाळीस अंगणवाड्यांची आठवण दिली.

एकदाचं नाटक सुरू झालं. मी शिंगं बांधली, हंबरले, शोधत फिरले. घोंगडी माझ्या मागे मागे. दत्ता पहाटेची शिफ्ट उरकून थेट आला होता आणि त्या उकाड्यात घोंगडीखाली होता, तरी पाऊल चुकलं नाही. मी दमले, थांबले आणि मुलांकडे पाहिलं.

कुणी बोललं नाही.

मला वाटलं, होईल. कधी कधी वेळ लागतो. मी थांबले. दत्तानं घोंगडीखालून हलकेच फुरफुर केलं. समृद्धी दुसऱ्या रांगेत होती. तिचे डोळे घोंगडीवर होते, गाल फुगले होते आणि बोट ओठांवर इतकं दाबलेलं होतं की नखाभोवतीची कातडी पांढरी पडली होती. तिला सगळं माहीत होतं. ती शब्द तोंडात धरून बसली होती.

आणि मग मला त्यांच्या घड्या घातलेल्या हातांचं कळलं. घडीतला हात कोपराशी असतो. यांचे हात दंडावर होते. पन्नास पोरांनी आपापला दंड मुठीत लपवला होता.

मी म्हशीचं चालणं चालतच सारजाबाईंजवळ गेले आणि शिंगांआडून विचारलं, "बाई, मुलांना काय सांगितलंय?"

"काय न्हाई वो. बोललात तर पाव्हणं सुई टोचत्याल, एवढंच," त्या कुजबुजल्या. "त्याबिगर गप बसत न्हाईत. मागल्या टायमाला केवढा दंगा झाला. आप्पांसमोर तसं झालं तर माझं काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बरेच दिवस घालून नाटकातून काढलेली सुई या बाईनं एका वाक्यात परत आणून ठेवली होती. त्याच बाईनं, जी त्या दिवशी तोंडाला पदर लावून हसली होती. मला तिला तिथंच, शिंगांसकट, फाडून काढावंसं वाटलं. पण नाटक चालू होतं.

मी परत मध्ये जाऊन उभी राहिले. बोलणार नव्हते. ज्या तोंडांवर सुई ठेवली आहे त्यांना मी वरून बोला म्हणणार नव्हते. सोफ्यांवर चुळबुळ सुरू झाली. कुणीतरी मागून म्हणालं, "बोला की रं पोरांनो." मुलांनी सारजाबाईंकडे बघितलं आणि बोटं आणखी घट्ट झाली. तेजश्री मॅडम वाकून म्हणाल्या, "मॅम, हा पार्ट स्किप करता येईल का? डायरेक्ट शेवट?" मी नाही म्हणून मान हलवली. म्हशीनं मान हलवावी तशी.

शेवटी आनंदरावांनीच सोडवलं. त्यांना वाटलं नाटक संपलं. ते उठले, दणदणीत टाळ्या वाजवल्या, त्यांच्यामागे सगळ्यांनी वाजवल्या, आणि माइक हातात घेऊन ते सतरंजीच्या मधोमध येऊन उभे राहिले. त्यांच्या पाठीमागे, हातभर अंतरावर, घोंगडी तशीच होती. रेडकू सापडलेलं नव्हतं, त्यामुळे दत्ता उठला नाही.

"म्या आयुष्यात लई नाटकं बघितली," आनंदराव म्हणाले. "पर एवढी शिस्त कुठं बघितली न्हाई. पाव्हण्यांसमोर एक पोरगं हूं की चूं न्हाई. ह्याला म्हणत्यात संस्कार. शहरातली पोरं बघा, एक मिनिट जाग्याव बसत न्हाईत. ताईंच्या नाटकानं आपल्या पोरांना शिस्त लावली, आपल्याला असंच नाटक पायजे."

मी बाजूला उभी होते, शिंगं काढून हातात धरलेली. तेजश्री मॅडम माझ्या कानाशी आल्या. त्यांचा चेहरा खुलला होता. "मॅम, आप्पा खूप हॅपी आहेत. चाळीस तर झालेच. दौंड तालुक्यासाठीपण बोलणार आहेत वरती. फक्त हे असंच ठेवा, डिसिप्लिनवालं."

चाळीस अंगणवाड्या, वर दौंड. जे मी मागितलं होतं त्याच्या दुप्पट, आणि कशासाठी, तर पन्नास पोरं दंड मुठीत धरून गप्प बसली म्हणून. मी उभ्या उभ्या ते चित्र बघितलं. दौंडच्या एका अंगणवाडीत रांगेनं बसलेली पोरं, मध्ये म्हैस, आणि म्हशीला कुणीच काही सांगत नाही. रेडकू शेवटपर्यंत हरवलेलं. आणि सगळे टाळ्या वाजवताहेत. मला रडू येत नव्हतं, नुसती चीड येत होती, आणि ती चीड कुणाच्या अंगावर टाकावी हे कळत नव्हतं, कारण सगळे माझ्यावर खूश होते.

मग सत्कार. बाईच्या अंगावर बाईनंच शाल घालायची म्हणून सारजाबाईंना बोलावलं. शाल माझ्या खांद्यावर आली, नारळ ओंजळीत आला, फोटो निघाला. आनंदरावांच्या हातात दुसरी शाल आली.

"आन् दुसरं कलाकार?" त्यांनी माइकवरून विचारलं. "दोगं व्हतं न्हवं? कुठं गेलं?"

ते उजवीकडे वळले. घोंगडी त्यांच्या पाठीमागे डावीकडे सरकली.

दत्तानं हे ठरवून केलं नव्हतं. त्यानं नंतर मला सांगितलं, "ताई, कुणीतरी कुठं गेलं म्हणून इचारलं, आन् पाय आपसूक हाललं." आनंदराव डावीकडे वळले. घोंगडी उजवीकडे गेली. "कुठं गेलं बाबा?" ते मांडवाच्या कडेपर्यंत नजर टाकत म्हणाले. आणि दमून थांबले. आणि त्यांनी समोर मुलांकडे पाहिलं.

समृद्धीचं बोट ओठांवरून निघालं. तिनं आधी सारजाबाईंकडे पाहिलं. मग आनंदरावांच्या हातांकडे पाहिलं, एका हातात माइक, दुसऱ्यात शाल. सुई कुठं दिसेना.

"मागं हाय," ती म्हणाली. अगदी हळू.

"कोण बोललं त्ये?" सारजाबाई दातांआडून म्हणाल्या.

आनंदरावांना ऐकू आलं नव्हतं. ते अजून शोधतच होते. समृद्धीनं कपाळाला आठ्या घातल्या आणि उठून उभी राहिली.

"ए म्हशे," ती चेअरमनना म्हणाली, "तुला दिसत न्हाई व्हय? मागं हाय की त्ये."

मांडवात कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच खोकलं. आनंदराव गर्रकन वळले, घोंगडी गर्रकन वळली, आणि मग पहिल्या रांगेतून, तिसऱ्या रांगेतून, मघाच्या ओल्या चड्डीतल्या पोराच्या तोंडून, सगळीकडून एकच आरोळी उठली. मागं हाय, मागं हाय, त्ये बघ, मागं. रांगा मोडल्या. मुलं गुडघ्यांवर आली, उभी राहिली, एकमेकांच्या खांद्यावर चढली. सारजाबाई "हाताची घडी" म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांनासुद्धा ऐकू गेला नसेल.

आनंदराव लालबुंद झाले होते. त्यांनी एकदा हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. माइक खाली करून ते मला म्हणाले, "ताई, तुमच्या माणसाला उठवा. बास झालं."

"मॅम, प्लीज," तेजश्री मॅडम म्हणाल्या. "नुसतं उठवा त्यांना. मी बाकीचं सांभाळते."

खरंच, एवढंच करायचं होतं. "दत्ता, ऊठ" म्हणायचं. तो उठला असता, शाल घेतली असती, आप्पांनी गंमत म्हणून सोडून दिलं असतं, चाळीस आणि दौंड माझ्या पदरात पडलं असतं. मुलं गप्प झाली असती. मोठ्यांनी मध्येच थांबवलेली ही त्यांची पहिली गोष्ट नव्हती, शेवटचीही नसती. त्यांना सवय होती.

मी नारळ खाली ठेवला आणि शिंगं डोक्याला बांधली.

"आप्पा," मी म्हणाले, "रेडकू अजून सापडलं नाही."

मी सतरंजीवर गेले. मुलांना दोन्ही हात दाखवले, पुढून, मागून. या वेळी त्यांनी पाहिले. मी हंबरले. समृद्धी आली आणि तिनं एका हातानं माझी शेपटी धरली, दुसरा हात अजून दंडावरच होता. ती मला ओढायला लागली. एका हातानं म्हैस ओढली जात नाही. तिनं दुसरा हात दंडावरून काढला, शेपटीला लावला आणि जोर केला. तिच्या मागे आणखी आले. आनंदराव आमच्या वाटेत उभे होते. एका पोरानं त्यांना पायाला धरून बाजूला केलं, कुणाला मुद्दाम ढकलावं तसं नव्हे, दारातलं पोतं सरकवावं तसं.

मी रेडकाला चाटलं. ओढणी शालीखाली अडकली होती, म्हणून शालीनंच चाटलं. नवीकोरी सत्काराची शाल घोंगडीवरून फिरवली, मग घोंगडी वर करून दत्ताचं तोंड पुसलं, मान पुसली. तो घामानं निथळत होता. शाल भिजून काळी झाली. मुलं जवळ येऊन रेडकाला हात लावून बघत होती. मग नाटक संपलं.

तोवर सोफे रिकामे झाले होते. गाड्या सुरू झाल्याचा आवाज आला. तेजश्री मॅडम फोन कानाला लावून कुणाची तरी माफी मागत निघून गेल्या.

सारजाबाई सतरंजीच्या कडेला बसल्या होत्या. मी गोणी भरत असताना त्यांनी एकदाच तोंड उघडलं. "तुमी जाताल निघून, ताई. मला इथंच ऱ्हायाचंय," त्या म्हणाल्या. त्यांचं खरं होतं. मला त्यांचा राग आला होता आणि तो अजूनही गेलेला नाही, पण त्यांचं खरं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं की समृद्धीच्या अंगाला बोट लागलं तर मी परत येईन. त्या म्हणाल्या, "न्हाई लावत." पुढे म्हणाल्या, "तिनं मला आयकलंच न्हाई वो," आणि मला त्या हसल्यासारख्या वाटल्या, पण मी खात्रीनं सांगू शकत नाही.

दत्ताला मी मोटरसायकलवर विचारलं, की तुझं काय मत. तो म्हणाला, "मला काय दिसतंय घोंगडीत. पर आवाज चांगला आला."

काही दिवसांनी तेजश्री मॅडमचा फोन आला. प्रोग्रॅम होल्डवर आहे म्हणाल्या. म्हणजे चाळीसही नाहीत आणि दौंडही नाही. मी विचारलं, कारण काय. "वरून फीडबॅक आलाय, मॅम. सिच्युएशन हाताबाहेर गेली असं त्यांचं म्हणणं आहे."

"लेखी द्या," मी म्हणाले.

"लेखी काय देणार मॅम? काय लिहू मी?"

"जे झालं ते लिहा. पोरं बोलली, म्हणून प्रयोग रद्द. एवढंच लिहा आणि खाली सही करा."

पलीकडून काही आवाज आला नाही. मी थांबले. मला थांबायची सवय आहे, समोरच्यानं आपल्या जिवावर बोलेपर्यंत. मॅडमचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे त्या होत्या. बराच वेळ गेला. मग त्यांनी फोन ठेवला.